मनोविकृतिनिदान व संगणक

मनोविकृतींच्या लक्षणांची नोंद, वर्गीकरण व निदान यांसाठी संगणकाचा उपयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. बहुतेक मनोविकृती रक्तपरीक्षेने वा क्ष-किरणांनी ओळखता येत नाहीत. निदान मुख्यतः रुग्णाचे बोलणे व वर्तन यांवरून करावे लागते. त्यामुळे एकाच रुग्णास एक तज्ञ छिन्नमानसाचा, तर दुसरा उद्दीपन-अवसाद विकृतीचा ठरवी आणि निदानाप्रमाणे उपचारही बदलत.

अमेरिकेत रॉबर्ट स्पिट्झर (१९३२–२०१५) व जीन एंडिकॉट यांनी १९६८ मध्ये ‘डायग्नो’ ही संगणकीय निदानप्रणाली प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्ये जॉन विंग (१९२३–२०१०) यांनी प्रमाणित मुलाखतीतील नोंदींचे ठराविक नियमांनी वर्गीकरण करणारी ‘कॅटेगो’ प्रणाली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने छिन्नमानसाविषयी केलेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत तिचा उपयोग झाला. नऊ देशांतील १,२०२ रुग्णांच्या या पाहणीत आग्रा हे भारतातील केंद्र होते. सर्वांना एकच नियम लावल्यावर मॉस्को व वॉशिंग्टन येथील तज्ञ छिन्नमानसाची संकल्पना इतरांपेक्षा व्यापक मानतात, असे १९७३ च्या अहवालात दिसून आले [⟶ छिन्नमानस].

दुसरा प्रयत्न विकृतीची प्रतिकृती करण्याचा होता. जोसेफ वायझेनबाउम (१९२३–२००८) यांनी १९६६ मध्ये वर्णन केलेली ‘एलिझा’ ही आज्ञावली मानसचिकित्सकाच्या संभाषणाचे अनुकरण करी. केनेथ कोल्बी (१९२०–२००१) या मानसचिकित्सकांनी स्टॅनफर्ड येथे संविभ्रमाच्या रुग्णासारखी संशयी उत्तरे देणारी ‘पॅरी’ ही आज्ञावली रचली. १९७२ मधील परीक्षणात तज्ञांना दूरमुद्रकावरील संभाषणांवरून पॅरी व प्रत्यक्ष रुग्ण यांतील भेद खात्रीने ओळखता आला नाही. तथापि उत्तरांतील साम्यावरून मनोव्यापारांचे साम्य सिद्ध होत नाही. यंत्राजवळ लोक मन मोकळे करतात, हे पाहून वायझेनबाउम स्वतःच अस्वस्थ झाले व १९७६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी यंत्राच्या अशा वापरास विरोध केला.

संगणकाला संदिग्ध नियम चालत नसल्याने निदानाचे निकष स्पष्ट शब्दांत मांडणे भाग पडले. स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली १९८० मध्ये सिद्ध झालेल्या अमेरिकन निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत असे निकष जवळजवळ प्रत्येक विकृतीसाठी दिले गेले. एकविसाव्या शतकात भ्रमणध्वनीतून मिळणाऱ्या झोप, हालचाल व बोलणे यांविषयीच्या नोंदींचाही अभ्यास होऊ लागला. पण त्या पडताळण्याचे प्रमाण बहुधा तज्ञाची मुलाखत हेच राहिले आहे. संगणक नियम सर्वांना सारखे लावतो; ते नियम मुळात योग्य आहेत किंवा काय, हे त्याला ठरविता येत नाही.