काजळीचे गोंदण, रंगाचा टॅटू

आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तीन खोऱ्यांतील वयस्क बायकांच्या अंगावरचे गोंदण मी वहीत उतरवून घेत असतो. हातावर तुळस, कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके. काजळी, एखाद्या पाल्याचा रस आणि सुया, एवढ्या साहित्यावर हे काम होई. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे मेल्यावर सोबत येते, असे घरोघरी सांगतात. न पुसले जाणे हाच त्याचा गुण.

त्याच मावळात, लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत, आता टॅटू काढण्याची चौकशी होते. विचारणाऱ्यांत सैन्यभरतीची तयारी करणारी मुले असतात. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस आणि पंजाच्या पाठीवर गोंदलेले भरतीत चालते, इतरत्र नाही. आदिवासी जमातींना रूढी म्हणून, प्रकरण पाहून, सवलत मिळते. म्हणजे ठाकराच्या मुलाच्या दंडावरचे चिन्ह परंपरा ठरू शकते; शेजारच्या शेतकऱ्याच्या मुलाने दंडावर काढलेली कार्ल्याची एकवीरा मात्र हौस. त्याच्याही आजीचे कपाळ गोंदलेले असते, पण नियमाला आजी दिसत नाही. मला ही वाटणी पटत नाही.

गोंदणात सरकारने लक्ष घालणे नवे नाही. कंपनी सरकारने १७९७ च्या कायद्याने बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवायला सुरुवात केली. ती प्रथा १८४९ मध्ये बंद झाली.

काढण्याचे जुने उपाय म्हणजे मीठ घासणे, तेजाब लावणे, कातडी खरवडणे. व्रण ठरलेला. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या कांडीतून मिळवला, आणि त्याच दशकात अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो गोंदणावर लावून पाहिला. नेमके तत्त्व १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडले : शाई शोषून घेईल असा प्रकाश निवडायचा, आणि उष्णता शेजारच्या कातडीत पसरण्याआधी झोत संपवायचा. हे झोत सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजतात. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर बरा, कारण कातडीचे रंगद्रव्य तो प्रकाश कमी शोषते.

लेसर शाई पुसत नाही, फोडतो. चुरा शरीरातल्या भक्षक पेशी हळूहळू उचलतात. काही काखेतल्या गाठींतही जाऊन साठतो. हे सांगितल्यावर पवन मावळातल्या एक आजी म्हणाल्या, “म्हंजी आतच ऱ्हातं की!”

गंमत अशी की, जन्मभरासाठी गोंदलेली ती काजळी लेसरला सर्वांत सोपी. काळा कण बहुतेक सगळा प्रकाश शोषतो, आणि हाताने गोंदलेल्यात शाईही कमी असते. यंत्राने भरलेला हिरवा-पिवळा रंग चिवट. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असेल तर तो उलट काळा पडू शकतो. दोन बैठकांत साधारण सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात, आणि बैठका अनेक. भरतीची तारीख लागल्यावर धावाधाव करणाऱ्या मुलाला इतके महिने मिळत नाहीत.