काडीमोड ते कोर्ट

काडीमोड हा शब्द आपल्या वस्तीला नवा नाही. वरच्या म्हणवणाऱ्या जातींनी बाईला लग्नातून सुटकाच ठेवली नव्हती. आपल्यात काडी मोडून सुटका होती. पण पंच कोण? सगळे बाप्ये. दंड तेच ठरवणार, पोरं कुणाची तेही तेच सांगणार. बाईनं ऐकायचं.

बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात घटस्फोट हा बाईचा हक्क होता. बिल रखडवलं, हे १९५१ च्या त्यांच्या राजीनाम्याचं एक मोठं कारण. पुढं १९५५ चा विवाह कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे.

हक्क आला, पण दाद मागायची कुठं? १९८४ साली कुटुंब न्यायालयाचा कायदा झाला. घटस्फोट, पोटगी, पोरांचा ताबा एकाच छपराखाली. आधी समुपदेशन, तडजोडीचा प्रयत्न. मात्र सरकारवर सक्ती फक्त दहा लाखांवरच्या शहरांपुरती, बाकी ठिकाणी त्याची मर्जी. पुण्या-मुंबईत ही न्यायालयं १९८९ मध्ये आली. आणि आपला अख्खा सिंधुदुर्ग जिल्हा २०११ च्या शिरगणतीत साडेआठ लाखांच्या आत!

असं न्यायालय नसेल तिथं वाटा फुटतात. पोटगी मॅजिस्ट्रेटपुढं, घटस्फोट दिवाणी न्यायालयात, ताब्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे इथं ओरोसला. उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.

मालवणकडची बाई विचारते, "घोव मुंबैत, मी हंय. अर्ज खंय करू?" तिला सांगा, पोटगीचा अर्ज ती राहते तिथं चालतो. घटस्फोटाचाही, २००३ च्या दुरुस्तीपासून. पोटगीवर महिना पाचशे रुपयांची मर्यादा होती, ती २००१ मध्ये उठली. जुनं कलम १२५ आता नव्या संहितेत १४४ झालंय, १ जुलै २०२४ पासून.

कार्यकर्त्यांनो, एक सांभाळा. वस्तीत भांडण आलं की आपणच खुर्च्या टाकून निवाडा करायला बसतो. तेच जुने पंच, फक्त चेहरे नवे. ते करू नका. लग्नपत्रिका, फोटो, रेशनकार्ड गोळा करायला तिला मदत करा. तारखेला एसटीत तिच्या शेजारी बसा. बोलायचं मात्र तिनं.