ब्लडी मेरी

ब्लडी मेरी हे व्होडका आणि टोमॅटोचा रस यांपासून तयार केले जाणारे कॉकटेल आहे. बहुतेक कॉकटेले गोड किंवा आंबट असतात. हे मात्र खारट व तिखट असते.

उगम

या पेयाच्या जनकत्वाविषयी दोन प्रमुख दावे आहेत. पॅरिसच्या ‘हॅरीज न्यू यॉर्क बार’मध्ये काम करणारे फ्रेंच बारटेंडर फर्नां पेतियो यांनी ते १९२१ च्या सुमारास तयार केले, असे तो बार सांगतो. अमेरिकन विनोदी नट जॉर्ज जेसल यांनी मात्र आपण ते १९२७ मध्ये फ्लोरिडातील पाम बीच येथे प्रथम बनवल्याचे म्हटले आहे. पहिल्या दाव्यापुढील अडचण अशी की, डबाबंद टोमॅटोचा रस बाजारात सर्रास मिळू लागला तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस. शिवाय न्यू यॉर्कमधील १९३९ च्या एका वृत्तपत्रीय स्तंभात व्होडका व टोमॅटोचा रस निम्मे-निम्मे असलेले पेय जेसल यांच्या नावावर नोंदलेले आढळते.

पेतियो १९३४ मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलातील ‘किंग कोल बार’मध्ये आले. १९६४ मध्ये ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाशी बोलताना त्यांनी स्वतःच सांगितले की, जेसल यांचे पेय म्हणजे नुसती व्होडका व टोमॅटोचा रस होता. मीठ, मिरी, लाल तिखट, लिंबू व वूस्टरशर सॉस यांची भर आपण घातली. त्यामुळे मूळ मिश्रण जेसल यांचे आणि आजची चव पेतियो यांची, असे मानणे पुराव्याला अधिक धरून होईल.

नाव

प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळण्याच्या शिक्षा देणारी इंग्लंडची राणी पहिली मेरी (राज्यकाल १५५३–१५५८) हिच्याशी हे नाव सहसा जोडले जाते. इंग्रजीत ‘ब्लडी’ हा शब्द शिवीसारखाही वापरला जात असल्याने सेंट रेजिसमध्ये हे पेय ‘रेड स्नॅपर’ या नावाने दिले जाई. पुढे हे नाव व्होडकाऐवजी जिन घातलेल्या प्रकाराला रूढ झाले.

कृती

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या प्रमाणानुसार ४५ मिलिलिटर व्होडका, ९० मिलिलिटर टोमॅटोचा रस व १५ मिलिलिटर लिंबाचा रस घेतात. त्यात वूस्टरशर सॉसचे काही थेंब, टबॅस्को हा मिरचीचा सॉस, सेलरीचे मीठ व मिरपूड घालून मिश्रण बर्फासह हलकेच ढवळतात. जोराने घुसळल्यास बर्फ वितळून टोमॅटोचा रस पातळ होतो. पेल्यात शेवटी सेलरीचा दांडा खोचतात.

पारंपरिक वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही हे मासे असतात. त्यामुळे हे पेय दिसते तसे शाकाहारी नसते. मद्य वगळलेल्या प्रकाराला ‘व्हर्जिन मेरी’ म्हणतात. कॅनडातील ‘सीझर’ हे याचेच जवळचे भावंड असून, वॉल्टर चेल यांनी १९६९ मध्ये कॅल्गरी येथे टोमॅटोच्या रसाला शिंपल्यांच्या रसाची जोड देऊन ते तयार केले.