प्रॉक्सी पृष्ठसाचा

प्रॉक्सी सॉफ्टवेअर वापरकर्त्याला स्वतःहून दाखवते त्या (उदा. नकाराच्या किंवा त्रुटीच्या) पानाचा, गरजेनुसार बदलता येणारा एचटीएमएल नमुना. (पहा : प्रॉक्सी सर्व्हर; एचटीएमएल).

हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पातील कॅशमधून 1996 मध्ये स्क्विड हे मुक्त प्रॉक्सी सॉफ्टवेअर पुढे आले. जंकबस्टर या प्रॉक्सीपासून प्रिव्हॉक्सी हे दुसरे प्रॉक्सी सॉफ्टवेअर घडले. दोन्हींत पानांचे साचे स्वतंत्र फायलींत असतात, त्यामुळे मूळ प्रोग्रॅमला हात न लावता मजकूर बदलता येतो.

स्क्विडच्या साच्यात टक्केचिन्ह आणि एक अक्षर अशा खुणा असतात. पान पाठवताना त्यांच्या जागी मागितलेला पत्ता, वेळ किंवा व्यवस्थापकाचा ईमेल भरला जातो. प्रिव्हॉक्सीत हेच काम दोन ‘ॲट’ चिन्हांमधील नावे करतात. बदललेले साचे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणे शहाणपणाचे, कारण नवी आवृत्ती बसवताना मूळ फायली पुसल्या जाऊ शकतात.

स्क्विड 3.1 पासून ब्राउझरच्या भाषेनुसार पान निवडते. मात्र स्वतःचे फोल्डर नेमले की ही सोय बंद होते. उदाहरणार्थ, विचुंबे (ता. पनवेल) येथील एखाद्या वाचनालयाने ‘हे संकेतस्थळ येथे बंद आहे, ग्रंथपालांना विचारा’ असे पान बनवायचे ठरवले, तर फाईल यूटीएफ-8 मध्ये जतन करून स्क्विडला सेटिंग्ज पुन्हा वाचायला लावाव्या लागतात. (पहा : युनिकोड).

नकाराचे कारण वाचकाला त्याच्या भाषेत कळते, हे या साच्यांचे महत्त्व. एचटीटीपीएस जोडणी नाकारल्यास मात्र ब्राउझर प्रॉक्सीचे पान सहसा दाखवत नाहीत, स्वतःचाच त्रुटीसंदेश देतात.