शून्यापाशी थांबणारी ओळ



ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेने मला गुरुजींच्या स्मरणार्थ चाललेल्या या व्याख्यानमालेत बोलावयास उभे करावे, हा मी माझा मोठा बहुमान समजतो. विषय मात्र मी जरा आडवळणाचा निवडला आहे. सी नावाच्या संगणकभाषेत शब्द कसे साठवतात, कसे मोजतात, कसे उतरवून घेतात आणि त्या खटाटोपात आपल्या देवनागरीचे काय होते, याचा हा इतिहास आहे. स्मृतिव्याख्यानात ही यंत्रविद्या कशाला, असे काहींना वाटेल. पण गुरुजींनी गणित शिकवता शिकवता आम्हांला किल्ल्यावर नेऊन जे दाखवले होते, तेथूनच या विषयाचा धागा निघतो.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जाताना वाटेत, एकाच खडकातून कोरून काढलेले चतुर्भुज मंदिर लागते. त्यातील संस्कृत शिलालेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा आहे. तो प्रतिहार राजा भोज याच्या काळातील. देवाच्या पूजेसाठी दिलेल्या फुलबागेची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात, आणि देवाला रोज ५० माळा, अशी नोंद तीत आहे. २७० मधील आणि ५० मधील शून्य लहानशा वर्तुळाने कोरलेले आहे. शून्य येथेच जन्मले असा दावा मी करणार नाही. कंबोडियातील ६८३ सालच्या एका शिलालेखात ठिपक्याच्या रूपात ते याहून आधी आढळते. पण आपल्या गावच्या दगडावर ते डोळ्यांनी पाहता येते, याचे अप्रूप कमी होत नाही. गुरुजी म्हणत, ते शून्य काढून टाका, बाग २७ हातांची होईल आणि माळा ५ उरतील. स्वतः काही नसून इतरांचे मोल ठरवणारे ते चिन्ह आहे.

आता संगणकाकडे येऊ. संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक दिलेल्या कप्प्यांची एक लांबच लांब रांग. प्रत्येक कप्प्याला बाइट म्हणतात आणि त्यात ० ते २५५ यांपैकी एक संख्या मावते. अक्षर असे तेथे काही नसतेच. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक नेमून दिलेला असतो आणि तो साठवतात. शब्द साठवावयाचा म्हणजे असे क्रमांक ओळीने मांडावयाचे. या मांडणीला इंग्रजीत ‘स्ट्रिंग’ म्हणतात. मी तिला अक्षरमाळ म्हणेन. येथे एक साधा प्रश्न उभा राहतो. माळ सुरू कोठे होते ते ठाऊक आहे, पण ती संपते कोठे?

या प्रश्नाला दोन उत्तरे होती. मार्टिन रिचर्ड्‌स यांच्या १९६७ च्या बीसीपीएल या भाषेत माळेच्या आरंभीच तिची लांबी लिहून ठेवीत. ‘पुढे सात अक्षरे आहेत’ असे आधी सांगावयाचे आणि मग अक्षरे मांडावयाची. परंतु लांबी एका लहानशा कप्प्यात मावणार तितकीच असू शकते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी बीसीपीएलपासून ‘बी’ ही भाषा घडवली, तेव्हा त्यांनी लांबी सोडून दिली आणि माळेच्या शेवटी एक खूण ठेवली. डेनिस रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात ‘बी’मधून ‘सी’ उभी केली, तेव्हा ती शेवटची खूण म्हणजे शून्य झाली. ज्या यंत्रावर हे काम चालले होते त्याची सारी स्मृती २४ किलोबाइट होती. अशा काटकसरीच्या घरात एक शून्य म्हणजे स्वस्त सोय होती. शिवाय लांबी सांभाळत बसण्यापेक्षा शेवटची खूण ठेवणे हाताला सोयीचे वाटते, असा रिची यांचा अनुभव होता.

हे शून्य आणि शिलालेखातील शून्य एक नव्हे, हे ध्यानात घ्यावे. शिलालेखातील शून्य म्हणते, ‘ही जागा रिकामी आहे, पण जागा आहे.’ सीमधील शून्य म्हणते, ‘येथे थांबा.’ आणखी एक गंमत सांगतो. देवनागरी ‘०’ हे चिन्ह आजच्या प्रचलित पद्धतीने संगणकात लिहिले तर त्याला तीन बाइट लागतात: २२४, १६५ आणि १६६. त्यांत एकही शून्य नाही!

सीमध्ये अक्षरमाळा हाताळण्यासाठी जी लहान लहान फलने आहेत, ती सारी या एका करारावर उभी आहेत. ‘स्ट्रलेन’ माळेची लांबी सांगते; म्हणजे आरंभापासून चालत निघते, शून्य भेटेपर्यंत पावले मोजते आणि तो आकडा हाती देते. ‘स्ट्रकॉपी’ एका ठिकाणची माळ दुसरीकडे उतरवून घेते, तीही शून्य भेटेपर्यंत. ‘स्ट्रकंप’ दोन माळांची तुलना करून कोणती आधी येते ते सांगते. ‘मेम’ने आरंभ होणाऱ्या दुसऱ्या घराण्याला शून्याची पर्वा नसते; किती बाइट हलवावयाचे ते आपण सांगतो, ती तितके हलवतात. त्यांतील ‘मेमकॉपी’ आणि ‘मेममूव्ह’ यांतला भेद वर्गातल्या बाकावर समजतो. बाकावरील सर्व मुलांना एक जागा उजवीकडे सरकवावयाचे असेल, तर आरंभ उजव्या टोकाच्या मुलापासून केला पाहिजे. डावीकडून केला तर पहिला दुसऱ्याच्या मांडीवर बसेल. ‘मेममूव्ह’ हे भान ठेवते, ‘मेमकॉपी’ ठेवीलच असे नाही.

पण उतरवून घेताना समोर जागा किती आहे, हे ‘स्ट्रकॉपी’ विचारीत नाही. दहा कप्प्यांच्या जागेत वीस बाइटांची माळ ओतली तर उरलेले दहा शेजाऱ्याच्या घरात शिरतात. ‘गेट्‌स’ नावाचे फलन तर बाहेरून येईल ती ओळ मुकाट्याने आत घेई. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला कृमी इंटरनेटवरील यंत्रांत शिरला. त्याच्या अनेक वाटांपैकी एक याच फलनातून जात होती: ५१२ बाइटांच्या जागेत त्याने ५३६ बाइट लोटले होते. तरीही ‘गेट्‌स’ला सीच्या प्रमाणग्रंथातून निरोप मिळावयास २०११ साल उजाडले. सारा दोष शेवटच्या शून्याचा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. २०१४ साली उघडकीस आलेल्या ‘हार्टब्लीड’ दोषात लांबी सांगितलेलीच होती. फक्त ती मागणाऱ्याने सांगितली होती, खोटी होती आणि ‘मेमकॉपी’ला ती तशीच पुरवली गेली. परिणामी दुसऱ्यांची गुपिते एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत बाहेर आली.

आता आपल्या घराकडे वळू. ग्वाल्हेरच्या मराठी घराण्यांत मोडीचे कागद पाहिलेली मंडळी या सभागृहात असतील. मोडी लिहिणारा कारकून आधी पानावर आडवी रेघ ओढी आणि तिला अक्षरे टांगीत जाई. शब्द कोठे संपला हे दाखवणारी मोकळी जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. माळ कोठे तोडावयाची हे वाचणाऱ्याने आपल्या जाणकारीने ठरवावयाचे. यंत्राकडे ती जाणकारी नसते. त्याला खूण लागते. आणि ज्यांनी ही खूण ठरवली, त्यांच्या भाषेत एक अक्षर म्हणजे एक बाइट, हे गृहीतच होते. इंग्रजीच्या आस्की तक्त्यात अवघी १२८ चिन्हे. बाइटाचा वरचा अर्धा भाग मोकळाच पडला होता.

त्या मोकळ्या अर्ध्यात आपण बिऱ्हाड थाटले. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले भारतीय लिपींचे काम पुढे पुण्यात, १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये, बहरले आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण प्रसिद्ध झाले. ही मांडणी मला आजही शहाणपणाची वाटते. खालचा अर्धा भाग इंग्रजीसाठी जसाच्या तसा ठेवला, वर भारतीय वर्णमाला बसवली आणि ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींना एकच क्रमांक दिले. त्यामुळे एका लिपीतील मजकूर दुसरीत दाखवणे सोपे झाले. बाइट एकेकच असल्याने सीची फलनेही चालत राहिली. अडचण निराळ्याच ठिकाणी आली: अनेक यंत्रांवर १२७ च्या वरील बाइट सी ऋण संख्या समजते आणि ‘हे अक्षर आहे काय’ असे विचारणारी जुनी आज्ञावली तक्त्याच्या आरंभाच्याही मागे जाऊन पाहू लागते!

छापखान्यांनी इस्कीही धरली नाही. तेथे टंकच वेगळे. बाइट म्हणजे वर्ण नव्हे, तर खिळ्याचा तुकडा. ऱ्हस्व इकार डोळ्यांना आधी दिसतो म्हणून तो साठवतही आधी. अशा मजकुराची तुलना ‘स्ट्रकंप’ने करणे म्हणजे खिळ्यांच्या पेटीत व्याकरण शोधण्यासारखे होते.

युनिकोड १९९१ साली आले. आरंभीच्या कल्पनेत प्रत्येक चिन्हाला दोन बाइट होते. त्यात इंग्रजी अक्षराचा एक बाइट शून्य येई आणि सीची फलने पहिल्याच अक्षराशी थांबत. देवनागरीचीही सुटका नव्हती: ‘ऊ’च्या दोन बाइटांपैकी एक नेमका नव्या ओळीची खूण निघे. १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, ताटाखालच्या कागदावर, यूटीएफ-८ ही रीत मांडली. आस्कीतील अक्षरे एका बाइटातच राहिली. बाकीच्यांना दोन, तीन किंवा अधिक बाइट मिळाले. आणि त्यांपैकी एकही बाइट कधी शून्य असणार नाही, अशी व्यवस्था झाली. रिची यांचा करार न मोडता जगाच्या लिपी सीच्या घरात शिरल्या. दोन बाइटांची सोय जेथे संपते, त्याच्या थोडे पुढे देवनागरीचे घर आहे. म्हणून आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट पडतात. मोडीला २०१४ साली स्वतंत्र स्थान मिळाले, तेथे तर चार.

आता आपल्या गावाचे नाव मोजून पाहू. ‘ग्वाल्हेर’. मुलाला विचारा, तो म्हणेल ग्वा, ल्हे, र: तीन अक्षरे. युनिकोड म्हणेल ग, हलन्त, व, काना, ल, हलन्त, ह, मात्रा, र: नऊ चिन्हे. ‘स्ट्रलेन’ म्हणेल सत्तावीस. हिंदीतील ‘ग्वालियर’ आठ चिन्हांचे, म्हणून चोवीस. इंग्रजी नाव सात. गाव एकच, पण ‘स्ट्रलेन’चा आकडा तीन भाषांत तीन. मुलाने सांगितलेला ‘तीन’ हा आकडा मात्र सीच्या प्रमाण फलनांपैकी कोणतेही देत नाही.

हे मला पुस्तकातून कळले असे सांगणे खोटेपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी आपल्या माजी विद्यार्थ्यांची यादी संगणकावर घेण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. आडनावासाठी वीस बाइट ठेवले आणि लगेच पुढे मोहल्ल्याची जागा. वीस म्हणजे सढळ हाताने दिले, असे मला वाटले होते. जोशी बारा बाइटांत बसले, देशमुख अठरांत बसले. पण कुलकर्णी आणि देशपांडे चोवीस बाइटांचे. उतरवण्यासाठी मी ‘स्ट्रएनकॉपी’ वापरले होते. ते ठरावीक बाइटांवर थांबते म्हणून सुरक्षित, असा माझा समज. वास्तविक ते फलन युनिक्समधील फायलींच्या नावांसारख्या ठरावीक रुंदीच्या जागा भरण्यासाठी जन्मले होते. जागा पूर्ण भरली तर ते शेवटी शून्य ठेवीतच नाही. त्यामुळे छापील पानावर ‘कुलकर्’ इतके आले, पुढे ‘ण’च्या तुटलेल्या दोन बाइटांची काळी चौकट, आणि खूण नसल्यामुळे यंत्र न थांबता पुढच्या कप्प्यात गेले: ‘लष्कर’. एका वयोवृद्ध माजी विद्यार्थ्याने ते पान माझ्यासमोर धरले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “अरे, चार पिढ्या आम्ही लष्करात राहतो हे खरे, पण म्हणून आडनाव का बुडवायचे?”

पहिली दुरुस्ती सोपी होती. यूटीएफ-८ मध्ये १२८ ते १९१ यांमधील बाइट हा नेहमी एखाद्या चिन्हाचा मधला तुकडा असतो. म्हणून मागे सरकत जाऊन चिन्हाच्या आरंभी तोडावयाचे आणि आपल्या हाताने शून्य ठेवावयाचे. चौकट गेली, लष्करही वेगळे झाले. पण उरले काय? ‘कुलकर्’. यंत्राच्या दृष्टीने निर्दोष आणि माणसाच्या दृष्टीने पाय मोडलेले. अखेरीस ठरावीक रुंदीच मी काढून टाकली; नावाला लागेल तेवढी जागा, आणि शेवटच्या शून्यासाठी एक बाइट अधिक. जुन्या फलनांशी भांडण न करता हे जमते, फक्त मोजण्याआधी ‘काय मोजतो आहोत’ हे ठरवावे लागते.

अनुक्रमाचा प्रश्न उरला. ‘स्ट्रकंप’ला वर्णमाला ठाऊक नाही, बाइट ठाऊक आहेत. युनिकोडने ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसवले आहे. म्हणून यंत्राने क्रम लावला: काळे, कावळे, काशीकर. आपल्या शाळेत ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ असे शिकवीत. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणात भाषेप्रमाणे क्रम लावणारे ‘स्ट्रकोल’ आले खरे, पण त्याच्यामागे त्या त्या भाषेचा तक्ता हवा. मी तो गुरुजींच्या वर्गातल्या क्रमाने हाताने लिहून काढला. आज दाराशी ठेवलेल्या यादीत कावळे आधी आहेत, मग काशीकर आणि मग काळे. कुलकर्णींचे आडनाव पुरे आहे. ज्यांना आपले नाव पडताळून पाहावयाचे असेल, त्यांनी जाताना ती जरूर चाळावी. चूक आढळली तर समासात पेन्सिलीने लिहावी. पेन्सिल शेजारीच ठेवली आहे.