पोस्त आणि बोनस

कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालेल्या माणसाला आंबा घाटाच्या अलीकडे लागणारे आमचे मलकापूर हे विशाळगड जहागिरीचे जुने ठाणे. आसपासच्या वाड्या-वस्त्यांचा बाजार इथेच भरे, आणि पेठेतल्या बहुतेक दुकानांत दोन-तीन गडी असत. आमच्या आजोबांच्या दुकानातही असत. दिवाळीला त्यांना धोतरजोडी, घरच्या लक्ष्मीला खण, पोरांना फराळ आणि वर चार रुपये मिळत. याला पोस्त म्हणत. ती वहीत पगाराच्या खाती मांडीत नसत, आणि धर्मादायाच्या खातीही नाही. गडी ती तोंडाने कधी मागत नसे. पण मिळाली नाही तर पाडव्यानंतर तो शेजारच्या दुकानात दिसे!

या पोस्तीचा बोनस कसा झाला, ही कथा मुंबईच्या गिरण्यांची आहे. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना भरमसाट नफा झाला. त्यानंतर काही वर्षे कामगारांना वर्षाकाठी बोनस मिळू लागला. 1923 सालचा बोनस मालकांनी नाकारला, तेव्हा 1924 च्या आरंभी मोठा संप झाला. सरन्यायाधीश मॅक्लाउड यांच्या समितीने निर्णय दिला, की रिवाजाने, कायद्याने वा न्यायबुद्धीने कामगारांचा बोनसवर हक्क शाबीत होत नाही. थोडक्यात, ती पोस्तच. दिली तर दिली!

हे मत पालटायला चाळीस वर्षे लागली. 1950 साली कामगार अपील न्यायाधिकरणाने गिरण्यांच्याच तंट्यात एक सूत्र बसवले: घसारा, कर आणि भांडवलावरील परतावा वजा करून जी शिल्लक उरेल तीत कामगाराचाही वाटा. पुढे मेहेर आयोग बसला आणि 1965 साली बोनसचा कायदा झाला. पगाराच्या 4 टक्के किंवा 40 रुपये, यांत जे अधिक ते, तोट्याच्या वर्षीही देणे बंधनकारक झाले. 1972 मध्ये 4 चे 8.33 टक्के झाले. म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार.

आता लहान दुकानदाराचे दुखणे पाहा. कारखाने वगळता कायद्याने रेषा आखली ती 20 माणसांवर. एकोणीस असतील तोवर पोस्त, विसावा आला की बोनस. शिवाय जुन्या कायद्यात एकदा कायदा लागला, की पुढे माणसे कमी झाली तरी सुटका नव्हती. हिशेबापुरता महिना 7,000 रुपये पगार धरला, तर वीस जणांचे वर्षाला सुमारे 1,40,000 रुपये होतात. ज्याच्या दुकानात त्या वर्षी माल पडून राहिला, त्याने ते कोठून आणावेत? नव्या धंद्याला पहिली पाच वर्षे नफा झाला तरच बोनस, एवढी सवलत कायद्याने ठेवली होती. म्हणून पुष्कळ मालक विसावा माणूस घेतच नाहीत. भावाला, भाच्याला बसवतात.

परंतु वाचकहो, दुसरी बाजूही पाहा. पोस्तीत माया होती, हे खरे. पण मालकाचा मूड बिघडला तर गड्याच्या घरी दिवाळी नाही, हेही खरेच. ज्याला मागता येत नाही ते देणे कितीही गोड असले तरी त्यावर संसार उभा राहात नाही. कायद्याने माया आणली नाही, खात्री आणली. आणि ती आणताना विसाच्या आतल्या माणसांना तो विसरला.

गंमत अशी, की बोनसच्या कायद्यात दिवाळीची अट नव्हती. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्या, एवढेच तो सांगे. मार्चअखेरपासून आठ महिने मोजले, की नोव्हेंबरअखेर येते. दिवाळी आपोआप आत बसते. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो जुना कायदा जाऊन त्याची कलमे वेतन संहितेत आली. पण विसाची रेषा आणि 8.33 टक्के तसेच राहिले.

तेव्हा ज्यांच्याकडे चार-पाचच माणसे आहेत, त्यांना माझे एवढेच सांगणे, की पोस्त द्या, पण ती किती हे पाडव्याला वही पुजतानाच लिहून ठेवा आणि माणसाला सांगा. कायदा तुमच्या दारी येणार नाही. पण पुढच्या दिवाळीला काय मिळेल, हे तुमच्या गड्याला आजच ठाऊक असेल. मग खण-फराळ वरून द्यायला कोणाची हरकत आहे?