व्यूहखेळांतील हौशी फेरबदलांचा ऱ्हास : राक्षसभुवनाच्या निमित्ताने

ज्या संगणकीय खेळांत खेळणारा एखाद्या राज्याचा कारभार, फौजफाटा आणि तह-करार आपल्या हाती घेतो, त्यांस प्रस्तुत निबंधात आपण व्यूहखेळ म्हणू. अशा खेळाच्या मूळ रचनेत खेळणाऱ्यांनीच पदरमोड करून केलेल्या फेरबदलांस ‘मॉड’ हे नाव रूढ आहे. यांपैकी काही फेरबदल किरकोळ असतात. काहींत मात्र नकाशा, काळ, सैन्ये, करव्यवस्था असे सर्वच नव्याने रचलेले असते. या दुसऱ्या, महत्त्वाकांक्षी प्रकाराला गेल्या सुमारे पंधरा वर्षांत ओहोटी लागली आहे. वरवर पाहता हा विषय करमणुकीचा वाटेल. तथापि भूतकाळाविषयी आजच्या तरुणांची पहिली कल्पना पुष्कळदा या खेळांतूनच बनते, हे ध्यानी घेतले म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरवणे योग्य होणार नाही.

या उद्योगाच्या भरभराटीचा काळ स्थूलमानाने १९९६ ते २०१० असा धरता येईल. १९९६ साली निघालेल्या ‘सिव्हिलायझेशन २’ या खेळाचे नियम साध्या मजकुराच्या फायलीत असल्यामुळे ते कोणासही बदलता येत. ‘रोम : टोटल वॉर’ (२००४) या खेळाचा नकाशा चित्रफायलींत आणि राज्यांची मांडणी वाचनीय मजकुरात होती. ‘सिव्हिलायझेशन ४’ निघाल्यावर वर्षभरातच, २००६ साली, निर्मात्यांनी खेळाच्या गाभ्याची संहिताच खुली केली. या सोयीचे फळ लवकरच दिसले. ‘युरोपा बार्बरोरम’ या फेरबदलाची पहिली आवृत्ती २००५ च्या अखेरीस बाहेर पडली. तिच्यात रोमेतर समाजांची सैन्ये, त्यांची मूळ भाषांतील नावे आणि प्रत्येक प्रदेशाची माहिती देणारी टिपणे होती. वस्तुतः हे एक सचित्र संदर्भसाधनच होते, आणि ते वेतन न घेणाऱ्या हौशी मंडळींनी सिद्ध केले होते.

अशा श्रमांची गरज का भासते, हे बीड जिल्ह्यातील एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. १७६३ साली निजामअलीने पुणे जाळले आणि मराठ्यांनी त्याच्या मुलखात लूट केली. त्यानंतर औरंगाबादेकडे परतत असता निजामअली गोदावरी उतरून उत्तर तीरी गेला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर सैन्याच्या मोठ्या भागासह दक्षिण तीरावरच, आजच्या गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे, राहिला. नदीस पूर होता. जानोजी भोसल्यास निजामाच्या पक्षातून आधीच फोडण्यात आले होते. १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी या तुटलेल्या भागावर हल्ला केला. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पुढील महिन्यात तह झाला. माधवराव पेशव्याचे वय त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते.

या निकालाची कारणे तीन : पुराने दुभंगलेले सैन्य, फुटलेला मित्र आणि नेमकी साधलेली वेळ. ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) या खेळात १७०० ते १७९९ हा काळ असून मराठ्यांचे राज्य खेळावयास मिळते. ही गोष्ट स्वागतार्ह असली, तरी त्याच्या मोहिमेत एक डाव म्हणजे सहा महिने होत. दोन-चार दिवसांत नदीचा उतार मिळतो की नाही, या प्रश्नावर ठरलेली लढाई अशा कालगणनेत बसत नाही. युरोपीय युद्धांकरिता घडवलेला साचा दख्खनला लावला म्हणजे पावसाळा, गोदावरी आणि बालाघाटाचे डोंगर ही केवळ पार्श्वभूमी होऊन बसतात. ही उणीव भरून काढणे हेच महत्त्वाकांक्षी फेरबदलाचे कार्य. परंतु याच खेळापासून मोहिमेचा नकाशा बदलणे पूर्वीच्या खेळांइतके सुलभ राहिले नाही. ज्या वेळी मराठे या नकाशावर आले, त्याच वेळी तो नकाशा दुरुस्त करण्याचे दार अरुंद झाले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

ऱ्हासाची कारणे आता क्रमाने पाहू. पहिले कारण श्रमाचे आहे. चित्रणाची सफाई जसजशी वाढली, तसतसे एका शिपायाची आकृती घडविण्यास लागणारे काम अनेकपटींनी वाढले. दुसरे, खेळ विकल्यानंतरही निर्माते त्यात वारंवार बदल करीत राहतात, आणि दर बदलागणिक हौशी रचना मोडते. तिसरे, मूळ खेळात भर घालणारे विस्तार निर्मातेच किंमत घेऊन विकू लागले. चौथे कारण मालकीचे. ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळातील हौशी फेरबदलातून ‘डोटा’ जन्मास आला व पुढे दुसऱ्याच कंपनीने त्यावर आधारित स्वतंत्र खेळ काढला. या अनुभवानंतर २०२० च्या नव्या आवृत्तीबरोबर मूळ निर्मात्यांनी खेळणाऱ्यांच्या रचनांवर आपली मालकी सांगणारे नियम लागू केले. दुसऱ्याच्या शेतात विहीर खणण्यास असा कोण धजेल?

पाचवे कारण मात्र यशातून उद्भवले आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) या खेळात प्रथम भारतीय नव्हतेच. ते आले ‘फॉरगॉटन एम्पायर्स’ या हौशी फेरबदलातून. २०१३ साली त्याचे अधिकृत विस्तारात रूपांतर झाले आणि रचनाकार व्यावसायिक बनले. २०२२ च्या विस्तारात ‘भारतीय’ या एकाच गटाऐवजी हिंदुस्थानी, द्राविड, बंगाली व गुर्जर असे विभाग झाले. देवगिरीच्या यादवांना स्वतंत्र स्थान त्यांत मिळाले नाही. हौशी मंडळींना वेतन मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु कोणता प्रदेश वगळावा याचा निर्णय आता विक्रीच्या हिशोबाने होतो, आणि वगळलेल्यांची बाजू मांडणारा हौशी वर्ग विरळ होत गेला आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, फेरबदलांची एकूण संख्या घटलेली नाही, आणि ‘क्रुसेडर किंग्ज’ मालिकेसाठी मोठ्या रचना २०१२ नंतरही झाल्या आहेत. आक्षेप खरा आहे. पण तो आमच्या मतास बाधक नसून पोषकच आहे. कारण त्या मालिकेच्या फायली आजही वाचनीय मजकुरात आहेत. जेथे दार उघडे राहिले, तेथे काम चालू राहिले. ऱ्हासाचे मूळ तरुणांच्या आळसात शोधणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

मराठी वाचकास हा प्रश्न अपरिचित वाटू नये. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तो कोणत्याही विद्यापीठाच्या आश्रयाने नव्हे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेस शाळेत शिकवीत. सेतुमाधवराव पगडी सरकारी सेवेत होते. आपल्या इतिहासलेखनाचा पाया अशा निरपेक्ष व्यासंगावर उभा आहे. फरक इतकाच की, त्यांच्या हाती आलेली दप्तरे वाळवीपासून वाचविता येत होती व ती वाचावयास कोणा कंपनीची अनुज्ञा लागत नव्हती. हौशी फेरबदल मूळ खेळावाचून उघडतच नाही. खेळ बंद पडला की त्यातील नकाशे आणि टिपणेही मुकी होतात.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. अशा रचनांतील लिखित भाग व नकाशे खेळापासून वेगळे काढून ग्रंथालयांनी जतन करावेत. आणि आपल्या विभागांतील विद्यार्थ्यांनी राक्षसभुवनासारख्या रणभूमीचे उतार, वाटा, पुराची पातळी व गावांची जुनी नावे यांची सारणी तयार करून ती सर्वांस खुली ठेवावी. उद्या एखाद्या खेळाचे दार पुन्हा उघडले, तर गोदावरीचा पूर त्यात आणण्यास लागणारी सामग्री तरी बीडच्या तरुणाजवळ तयार असेल.